फिरायला नेताना कुत्रा पट्टा ओढतो, त्यावर लागू पडलेला उपाय

ओढलं की पुढे जायला मिळतं, एवढंच कुत्रा शिकलेला असतो. म्हणून पट्टा ताणला गेला की जागीच थांबायचं. झटका नाही, ओरडणं नाही. त्याने मान वळवली किंवा पट्टा सैल झाला, की लगेच 'शाब्बास' म्हणून पुढे निघायचं.

बक्षिसाचा खाऊ वाटाण्याएवढा, मऊ आणि पटकन गिळता येणारा हवा. तो नेहमी आपल्या पायाजवळ, पँटच्या बाजूच्या शिवणीच्या रेषेत द्यायचा. हात पुढे करून दिला तर कुत्रा पुढेच यायला शिकतो. सुरुवातीला दर दोन-तीन पावलांना, मग हळूहळू अंतर वाढवायचं. दिवसभराचा खाऊ एकूण आहाराच्या १० टक्क्यांच्या आत ठेवून जेवण तेवढं कमी करायचं.

पट्टा दीड ते दोन मीटरचा, साधा. आपोआप गुंडाळणारा नको, कारण तो सतत थोडा ताणलेलाच राहतो आणि ताण म्हणजे चालणं हेच पक्कं होतं. गळपट्ट्याऐवजी छातीवर कडी असलेला हार्नेस (अंगाभोवती बसणारा पट्टा) घ्यावा. त्याखाली दोन बोटं जायला हवीत. काखेत घासत असेल तर माप चुकलंय.

आधी घरात, मग शांत रस्त्यावर, दहा-दहा मिनिटं. बहुतेकांचं गाडं अडतं ते घरातल्या एकानेही घाईत ओढू दिल्यामुळे. अधूनमधून फळणारी सवय सर्वांत चिवट असते. आणि हुंगायला भरपूर वेळ द्या, त्याच्यासाठी फिरण्याचा खरा आनंद तोच आहे.