कुणी न पाहिलेल्या नाटकाची नोंद करायची का?

आमच्या चाहत्यांनी चालवलेल्या भयकथांच्या कोशात नाटकांचा विभाग मी बघते. ‘हे नाटक कुणाला ठाऊक आहे?’ एवढ्याच मुद्द्यावर नोंद उडवायला निघालेल्यांशी माझं कधीच जमत नाही. आधी विचारा: या नाटकाने मूळ कथेत काय बदललं?

मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीवरचं रिचर्ड ब्रिन्सली पीकचं ‘प्रिझम्प्शन’ घ्या. १८२३ मध्ये ते लंडनच्या रंगभूमीवर आलं. कादंबरीत भरभरून बोलणारा राक्षस इथे मुका झाला, आणि फ्रँकेन्स्टाइनला फ्रिट्झ नावाचा नोकर मिळाला. मेरी शेलीच्या कादंबरीत असा कुणी नाही. १९३१ च्या चित्रपटातला फ्रिट्झ आला कुठून, हे वाचकाला सांगायचं तर या नाटकाला स्वतंत्र पान हवंच.

प्रयोग किती झाले यावरही जाऊ नका. ‘ड्रॅक्युला’चे नाट्यहक्क शाबूत राहावेत म्हणून ब्रॅम स्टोकरने १८ मे १८९७ रोजी लंडनच्या लायसियम थिएटरात त्याच्या नाट्यरूपांतराचं वाचन घडवून आणलं. स्टोकरच्या हयातीत पुन्हा ते झालं नाही. पण रूपांतर खुद्द लेखकाचं, तेही कादंबरी बाजारात येण्याआधीचं! मी डोळे झाकून नोंद ठेवीन.

मग पुरावा. जाहिरातीवरून प्रयोग ठरला होता एवढंच कळतं. तो झाला हे कळायला नंतरचं परीक्षण लागतं. ब्रिटनमध्ये १९६८ पर्यंत नव्या नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कचेरीत मंजुरीला जायची, त्यामुळे न छापलेल्या संहिताही ब्रिटिश लायब्ररीत मिळू शकतात. मात्र मंजूर संहिता म्हणजे झालेला प्रयोग नव्हे. ‘मी लहानपणी पाहिलंय’ एवढंच हाती असेल तर ते चर्चापानावर राहू द्या, पुसू नका. त्या धाग्यावरून उद्या कुणाला तरी कात्रण सापडेल.

पुरावा आहे पण कथेत नवं काही नाही, तर मूळ कादंबरीच्या पानावर एक ओळ पुरे. छापील संहितेचे हौशी प्रयोग वेगळे नोंदवू नका.

नोंद ठेवलीत की नाटकातला तपशील पात्राच्या मूळ वर्णनात मिसळू देऊ नका. ड्रॅक्युलाची ती उंच कॉलरची केप हॅमिल्टन डीनच्या १९२४ च्या नाटकातून आली. ती ‘रंगभूमीवर’ या उपशीर्षकाखाली, नाटकाचं नाव आणि साल देऊनच लिहा.