गुडघ्याची गोळी आणि पोटाचं अस्तर

सिंहगड उतरल्यावर गुडघे धरले की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी येते. आधी पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचा. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन दिसलं तर उपाशीपोटी नको. नुसता चहा म्हणजे खाणं नव्हे. अर्थात भाकरीने जळजळ कमी होते इतकंच. ही औषधं रक्तातून जाऊन पोटाचं अस्तर जपणारी प्रोस्टाग्लँडिनं नावाची द्रव्यं घटवतात, त्यामुळे इंजेक्शननेही अल्सरचा धोका टळत नाही. पूर्वी अल्सर झालाय, साठी उलटलीय किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू आहे? मग आधी डॉक्टरांना विचारा. ते बहुधा पोटातलं आम्ल कमी करणारं पॅन्टोप्रॅझोल ४० मिलिग्रॅम जोडून देतात, ते नाश्त्याआधी अर्धा तास. गुलाबी अँटासिड त्याची जागा घेत नाही. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर गोळी बंद, थेट हॉस्पिटल.