फर्नेसचं टेम्परेचर नाचतंय? कंट्रोलर बदलायच्या आधी हे करा

ब्लोअरचा ड्राइव्ह (मोटरचा वेग कमीजास्त करणारं युनिट) चालू झाला की हीट ट्रीटमेंट फर्नेसचं रीडिंग 20-25 डिग्री वरखाली नाचायला लागतं आणि मग सगळ्यात आधी काय होतं, तर कंट्रोलर बदलतात. आम्ही पण दोन बदलले. नाच तसाच.

हिशोब बघा, के टाइप थर्मोकपल (फर्नेसमधला टेम्परेचरचा सेन्सर) एका डिग्रीला साधारण 41 मायक्रोव्होल्ट देतं, म्हणजे 900 डिग्रीला सुद्धा जेमतेम 37 मिलिव्होल्ट. त्यात 1 मिलिव्होल्टची घाण (बाहेरचा इलेक्ट्रिकल नॉइज) घुसली की 24-25 डिग्रीचा फरक, आणि शेजारून ड्राइव्हची 415 व्होल्टची केबल जात असेल तर एवढं घुसायला कितीसा वेळ लागतो!

घाण कुठून येते ते आधी शोधायचं. पण त्याआधी हीटिंग बंद करा हां, नाहीतर कंट्रोलरला वाटणार फर्नेस थंड झाली आणि तो फुल्ल हीटिंग देत बसणार. आता कंट्रोलरवरून थर्मोकपलची केबल काढा आणि तिथंच तांब्याच्या तुकड्याने प्लस-मायनस शॉर्ट करा. पॅनलच्या आतलं टेम्परेचर दिसायला हवं, समजा 38-40, आणि ड्राइव्ह चालू करूनही ते हललं नाही तर कंट्रोलर निर्दोष. मग केबल परत लावा, फर्नेसवरच्या हेडमध्ये (सेन्सर आणि केबल जोडतात त्या डबीत) सेन्सर सोडवून केबलची टोकं शॉर्ट करा. इथं आकडा नाचला तर केबलचा दोष. नाही नाचला तर सेन्सर बघा, टिप शीथला (सेन्सरच्या बाहेरच्या धातूच्या नळीला) वेल्ड केलेली असेल तर अर्थमधून करंट फिरतो, अशा वेळी इन्सुलेटेड टिपचा सेन्सर घ्या किंवा मध्ये आयसोलेटर (सिग्नल पुढे देऊन अर्थचा मार्ग तोडणारं युनिट) टाका.

केबलमध्ये बहुतेक दोनच गोष्टी निघतात. शील्ड (केबलवरचं धातूचं आवरण) दोन्ही टोकांना अर्थ केलेलं असतं, ते एकाच टोकाला ठेवा (टिप इन्सुलेटेड असेल तर पॅनलकडे). आणि सिग्नलची केबल मोटरच्या केबलसोबत एकाच ट्रेमध्ये टायने बांधलेली असते! कमीत कमी फूटभर लांब न्या, ओलांडावीच लागली तर काटकोनात.

अजून एक, पिवळी-लाल कॉम्पेन्सेटिंग केबल (थर्मोकपलपासून कंट्रोलरपर्यंतची खास केबल) असेल तर लाल म्हणजे मायनस. आपला हात सवयीने लाल प्लसला लावतो. दोन्ही टोकांना उलटी लागली तर रीडिंग वरवर बरोबर वाटतं पण हेड 60 आणि पॅनल 35 असेल तर तब्बल 50 डिग्री चुकतं, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

कंट्रोलरमधला फिल्टर (रीडिंगचे चढउतार सपाट करणारं सेटिंग) मात्र सगळ्यात शेवटी. फिल्टर वाढवला की आकडा शांत दिसतो, पण खरा बदलही उशिरा दिसतो.

आमच्याकडे शील्ड आणि ट्रे, दोन्ही निघालं. काढलेले दोन कंट्रोलर स्टोअरमध्ये पडून आहेत, दोन्ही ठणठणीत.