आर्केड गेम आणि कॅसिनोचे पॉइंट: खेळण्याआधी हिशेब कसा मांडावा

ऑनलाइन कॅसिनोत ‘आर्केड’ नावाचा जो विभाग असतो, त्यात क्रॅश, माइन्स, प्लिंको आणि मासे मारायचे गेम येतात. रंगीत, झटपट, नियम दोन मिनिटांत कळतील असे. जोडीला लॉयल्टी योजना असते: पैज लावली की पॉइंट, पॉइंट साठले की वरची पातळी, पातळी चढली की भेटी. माझं मत आधीच सांगून टाकतो. हे पॉइंट म्हणजे कमाई नव्हे, तुम्ही घालवलेल्या पैशांवरची किरकोळ सूट आहे. ती किती किरकोळ, हे स्वतः मोजता येतं आणि मोजल्याशिवाय पैसे लावू नयेत.

पहिली पायरी: कायदा आणि परवाना

पैसे लावून खेळणं तुम्ही राहता तिथे कायदेशीर आहे का, हे आधी बघा. भारतात 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम पुरवण्यावर बंदी घातली आहे, मग गेम कौशल्याचा असो वा नशिबाचा. परदेशी साइट खातं उघडू देते म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. भारतात असाल तर बिनपैशांच्या डेमोवरच थांबा. जिथे परवानगी आहे, तिथे साइटच्या तळाशी दिलेला परवाना क्रमांक नियामकाच्या वेबसाइटवरच्या यादीत शोधा. नुसत्या लोगोला काही अर्थ नाही, तो कुणीही चिकटवू शकतो. आणि 18 वर्षांखालच्यांसाठी हा विषय इथेच संपला. काही देशांत ही अट 21 ची आहे.

दुसरी पायरी: डेमोत गेमचं गणित समजून घ्या

बहुतेक गेमना डेमो असतो. त्यात जिंकायला जाऊ नका, माहितीचं पान उघडा. तिथे ‘आरटीपी’ म्हणजे परताव्याची टक्केवारी लिहिलेली असते. 97 टक्के असेल, तर लावलेल्या दर 100 मागे सरासरी 3 कॅसिनोकडे राहतात. एका बैठकीत काहीही होऊ शकतं. डाव वाढत जातात तसा हा आकडा आपलं वजन दाखवतो.

माइन्स घ्या. 25 चौकोन, त्यांत लपलेले 3 सुरुंग. एकेक चौकोन उघडत जायचा, सुरुंग निघाला की पैज गेली. पहिला चौकोन सुरक्षित निघण्याची शक्यता 25 पैकी 22, म्हणजे 88 टक्के. दुसऱ्या वेळी 24 पैकी 21, तिसऱ्या वेळी 23 पैकी 20. असं गुणत गेलात की पाच चौकोन सुखरूप उघडण्याची शक्यता 49.6 टक्क्यांच्या आसपास येते, जवळपास छापा-काटा. चोख हिशेबाने इथे 2.02 पट मिळायला हवेत. 97 टक्के परताव्याचा गेम साधारण 1.95 पट देतो. मधली ती फट म्हणजे कॅसिनोचा वाटा. पडद्यावरचा गुणक आणि शक्यता यांचा गुणाकार करा, वाटा उघडा पडतो.

क्रॅशमध्ये विमान किंवा रेघ वर चढत जाते, ती कोसळण्याआधी कॅशआउट करायचं, म्हणजे तोवरचे पैसे घेऊन डावातून बाहेर पडायचं. 97 टक्क्यांच्या गेममध्ये 2 पटीपर्यंत पोचण्याची शक्यता सुमारे 48.5 टक्के आणि 10 पटीपर्यंत 9.7 टक्के. दोन्हीकडे गुणाकार 0.97 च. लवकर उतरा की उशिरा, सरासरी बदलत नाही. चढउतार तेवढे कमीजास्त होतात. मागचे वीस निकाल पडद्यावर मांडलेले असतात, त्यांचा पुढच्या डावाशी काडीचाही संबंध नाही. ‘आता मोठा येणारच’ हे त्या पट्टीकडे बघूनच सुचतं.

प्लिंकोत चेंडू खिळ्यांच्या ओळींवर उसळत खालच्या खाचांपैकी एकीत पडतो. 16 ओळी निवडल्या तर अगदी कडेच्या एका खाचेत चेंडू पडण्याची शक्यता 65,536 मध्ये 1. तिथला भुरळ घालणारा गुणक भला मोठा असतो तो याचसाठी. माशांच्या गेममध्ये प्रत्येक गोळी ही स्वतंत्र पैज असते, आणि मासा मरणार की नाही हे सहसा यादृच्छिक आकडाच ठरवतो, तुमचा नेम नव्हे.

काही गेमवर ‘प्रूव्हेबली फेअर’ असा शिक्का दिसतो. डावाचा निकाल नंतर बदलला नाही, एवढं त्यातून पडताळता येतं. कॅसिनोचा वाटा त्याने कमी होत नाही.

तिसरी पायरी: पॉइंटचं मोल काढा

लॉयल्टीच्या अटींतून तीन आकडे शोधा: किती पैजेला 1 पॉइंट, किती पॉइंटला किती पैसे, आणि तुमचा गेम किती टक्के मोजला जातो. तिसरा आकडा लोक हमखास विसरतात. स्लॉट, म्हणजे चाकं फिरवून चिन्हं जुळवायचे गेम, सहसा पूर्ण मोजले जातात. क्रॅश, माइन्ससारखे गेम अनेक ठिकाणी 10 टक्केच मोजतात, कुठे अजिबात नाही.

समजा, 10 च्या पैजेला 1 पॉइंट आणि 100 पॉइंटला 1. क्रॅशचा डाव सरासरी 15 सेकंदांचा धरला तर तासाला 240 डाव. प्रत्येकी 10 लावले तर उलाढाल 2,400. तीन टक्क्यांनी अपेक्षित घट 72. हातात आलेले पॉइंट 240, त्यांचं मोल 2.40. गेम 10 टक्केच मोजला जात असेल तर 0.24. ही ती सूट!

महिनाअखेरीचा सापळा वेगळाच. वरची पातळी गाठायला 500 पॉइंट कमी आहेत, असा निरोप येतो. त्यासाठी 5,000 ची उलाढाल, म्हणजे 150 ची अपेक्षित घट. वर मिळणारी भेट 50 ची असेल तर तो निरोप वाचून सोडून द्या. पातळी पुढच्या महिन्यात परत खाली घसरते का, पॉइंट कधी बाद होतात, हेही अटींत असतं.

चौथी पायरी: बोनसची अट

पॉइंटच्या बदल्यात मिळालेला बोनस बहुधा लगेच काढता येत नाही. ‘30 पट वेजरिंग’ म्हणजे 100 च्या बोनससाठी आधी 3,000 च्या पैजा लावायच्या. तीन टक्क्यांनी 90 गेले, उरले 10. गेम 10 टक्के मोजला जात असेल तर 30,000 च्या पैजा. त्याआधीच खातं रिकामं होतं. अट बोनसवर आहे की जमा रक्कम अधिक बोनसवर, हे नीट वाचा. ब्रिटनच्या नियामकाने 2026 पासून ही अट जास्तीत जास्त 10 पटींवर आणली आहे, इतरत्र बरीच मोठी आढळते. माझ्या मते घेण्यासारखी भेट एकच: विनाअट कॅशबॅक. तोही रोख मिळतो की बोनस म्हणून, ते बघूनच.

पाचवी पायरी: मर्यादा आधी, पैसे नंतर

खात्याच्या सेटिंगमध्ये जमा रकमेची आणि वेळेची मर्यादा पहिल्याच दिवशी घाला. रक्कम अशी हवी की पूर्ण गेली तरी कुणाचं काही अडणार नाही. ऑटोप्ले, म्हणजे एकामागून एक डाव आपोआप खेळणारी सोय, बंद ठेवा. वरच्या हिशेबात घट ठरवणारी मुख्य गोष्ट तासाला होणारे डाव होते, आणि ऑटोप्ले नेमके तेच वाढवतो. गेलेले पैसे परत मिळवायला पैज वाढवावीशी वाटली, घरच्यांपासून लपवावंसं वाटलं, तर स्वतःला ठरावीक काळ बाहेर ठेवण्याची सोय त्याच सेटिंगमध्ये असते. ती वापरा आणि घरात एकाला तरी सांगा.

सहावी पायरी: पैसे काढून बघा

ओळखपत्राची पडताळणी खातं उघडल्या उघडल्या पूर्ण करा, जिंकल्यावर कागदपत्रांवरून अडकून पडायला नको. मग एक छोटी रक्कम काढून बघा. काढण्याची विनंती केली की ती प्रक्रियेत असताना रद्द करून पुन्हा खेळण्याचं बटण समोर येऊ शकतं. ते दाबू नका. अटींत सांगितलेल्या मुदतीत पैसे आले नाहीत आणि ग्राहक सेवा नुसतीच टोलवाटोलवी करत असेल, तर विनंतीचे स्क्रीनशॉट जोडून परवाना देणाऱ्या नियामकाकडे तक्रार करा.