मराठी शब्दसंपत्ती कशी तपासावी आणि कशी वाढवावी

आपल्याला किती शब्द येतात याचा अंदाज बहुतेकांचा फसतो, कारण वाचताना ओळखीचा वाटणारा शब्द आणि लिहिताना वेळेवर सुचणारा शब्द यांत मोठे अंतर असते. म्हणून चाचणी घेताना ही दोन्ही खाती वेगळी ठेवावीत.

चाचणीसाठी दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सर्वांत सोयीचा आहे. १९३२ पासून खंडशः प्रसिद्ध झालेल्या या कोशात अर्थ मराठीतच दिलेले आहेत आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य पाहता येतो. कोणतेही पान उघडून शब्द वाचावा, अर्थ झाकून ठेवावा आणि आपल्याला वाटणारा अर्थ आधी कागदावर लिहावा. नुसते मनात म्हटले तर अर्थ पाहिल्यावर ‘हे मला ठाऊकच होते’ असे वाटू लागते. ‘संभावित’ हा शब्द या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आज आपण तो ‘होऊ शकणारा’ या अर्थी वाचतो, परंतु जुन्या मराठीत त्याचा अर्थ ‘प्रतिष्ठित, सभ्य’ असा होता. प्रत्येक शब्दापुढे ‘वापरता येतो’, ‘ओळखता येतो’ किंवा ‘अनोळखी’ अशी नोंद करावी.

पाने निवडताना अक्षरांकडे लक्ष द्यावे लागते, आणि नेमकी हीच गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. ‘प्र’ने सुरू होणाऱ्या पानांवर संस्कृत शब्दांची दाटी असल्याने शिकलेल्या वाचकाला भरपूर गुण मिळतात; ‘झ’ किंवा ‘ढ’च्या पानांवर मात्र देशी, घरगुती आणि शेतीचे शब्द अधिक असल्यामुळे तोच वाचक अडखळतो. दोन्ही प्रकारची पाने घेतली तरच निकालाला अर्थ राहतो.

शब्द वाढवण्यासाठी सुट्या, भारदस्त शब्दांची यादी पाठ करणे मला फारसे उपयोगाचे वाटत नाही. त्याऐवजी एक वस्तू किंवा जागा घ्यावी आणि तिच्याभोवतीचे शब्द एकत्र शिकावेत. कौलारू घर घेतले, तर छपराच्या सर्वांत वरचे आडवे लाकूड म्हणजे आढे, भिंतीबाहेर आलेल्या छपराखालची जागा म्हणजे वळचण, तिच्या कडेवरून गळणारी पावसाची धार म्हणजे पागोळी आणि कौलांच्या फटीतून आत पडणारा उन्हाचा ठिपका म्हणजे कवडसा. हे शब्द एकमेकांच्या आधाराने लक्षात राहतात, आणि ‘वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही’ ही म्हणही मग डोळ्यांसमोर उभी राहते. घरातील वडीलधाऱ्यांना विचारताना शब्द आपण सांगू नये. वस्तूचे वर्णन करून ‘याला तुमच्याकडे काय म्हणतात?’ असे विचारावे.

प्रत्येक शब्दाचे स्वतःचे एक वाक्य वहीत लिहावे. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने उलटी परीक्षा घ्यावी, म्हणजे अर्थ वाचून शब्द आठवावा. ही परीक्षा अवघड असते, पण शब्द लेखणीत उतरतो तो तिच्यामुळेच. कोशात शब्दापुढे ‘(कों.)’ म्हणजे कोकण किंवा ‘(गो.)’ म्हणजे गोमंतक अशी प्रांताची खूण असल्यास तीही टिपावी, कारण कोकणातला शब्द विदर्भातील वाचकासमोर ठेवताना आजूबाजूच्या वाक्यातून त्याचा अर्थ उलगडेल याची काळजी घ्यावी लागते. सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी घ्यावी. अक्षरे तीच ठेवावीत, पाने मात्र नवी घ्यावीत.