व्याख्या गोल फिरतेय? या चुका टाळा

तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय घेऊन कोल्हापुरात अभ्यासाला बसलेल्या मुलांच्या उत्तरांत एक दोष वरचेवर सापडतो. ‘न्याय म्हणजे न्याय्य वागणूक.’ शब्दाचा अर्थ सांगायला तोच शब्द वापरला. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, याला आत्माश्रय म्हणतात. तो पकडणं सोपं आहे.

खरी फसगत दोन पायऱ्यांवर होते. अस्सल कोल्हापुरी चप्पल कोणती? अस्सल कारागिरानं केलेली. अस्सल कारागीर कोण? जो अस्सल कोल्हापुरी करतो तो. दोन्ही उत्तरं सुटी वाचली तर पटतात, म्हणूनच हा अन्योन्याश्रय नजरेतून निसटतो. तीन-चार शब्दांतून फिरून मूळ जागी आलात, तर चक्रक. यावर उपाय एकच: व्याख्येतल्या प्रत्येक कळीच्या शब्दाची व्याख्या त्याच कागदावर लिहा आणि कोण कोणावर टेकलंय ते बाणांनी दाखवा. बाण परत फिरला, की बाहेरची कसोटी शोधायची. झाडाच्या सालीनं कमावलेलं चामडं, चामड्याच्या वादीनं हातानं घातलेली शिवण, २०१९ च्या भौगोलिक मानांकनातले महाराष्ट्र-कर्नाटकातले आठ जिल्हे. हे तपासायला ‘अस्सल’चा अर्थ आधी ठाऊक असावा लागत नाही. शब्दाला स्वतःचा अर्थ येतो तो इथे.

कसोटी घाईत निवडू नका, एवढं मात्र सांभाळा. ‘कोल्हापुरात विकली जाते ती’ म्हटलंत, तर दुकानातली यंत्रावरची चप्पलही आत येते (अतिव्याप्ती) आणि अथणीत बनून परगावी गेलेली बाहेर राहते (अव्याप्ती).

याच्या उलट चूक हुशार मुलं करतात: प्रत्येक शब्दाची व्याख्या मागत सुटतात. त्याला शेवट नाही, ती अनवस्था. गणितज्ञ हिल्बर्टनं १८९९ मध्ये भूमिती मांडताना बिंदू, रेषा, प्रतल यांच्या व्याख्या केल्याच नाहीत. त्यांचे परस्परसंबंध स्वयंसिद्धांनी, म्हणजे सिद्धतेविना गृहीत धरलेल्या विधानांनी, बांधून दिले. शब्दांचा अख्खा गट मग एकदमच अर्थ मिळवतो. तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेला हे पटलं नाही. माझं खिशातलं घड्याळ हा बिंदू आहे की नाही, हे यावरून कसं ठरवू, असं त्यानं पत्रातून विचारलं. प्रश्न रास्त होता. संबंधांचं जाळं कितीही घट्ट असलं, तरी ते जगातल्या कोणत्या वस्तूंना लावायचं हे जाळं स्वतः सांगत नाही.

अमेरिकी तत्त्वज्ञ क्वाइनवर लिहिताना तर फार जपा. ‘विश्लेषक’ (केवळ शब्दांच्या अर्थामुळे खरं ठरणारं वाक्य) समजायला ‘समानार्थी’ लागतो, आणि तो उलगडायला गेलं की पुन्हा ‘विश्लेषक’शीच येतो, हा त्याचा १९५१ चा आक्षेप. बहुतेक उत्तरं इथून थेट ‘म्हणून ही संज्ञा निरर्थक’ अशी उडी मारतात. ग्राइस आणि स्ट्रॉसन या ब्रिटिश तत्त्वज्ञांनी १९५६ मध्ये ही उडी अडवली: आधी कधी न पाहिलेल्या वाक्यांनाही माणसं ती संज्ञा एकमतानं लावतात, तर तिच्यामागे काहीतरी भेद असलाच पाहिजे. मला त्यांचं म्हणणं अधिक बळकट वाटतं. तुम्ही क्वाइनची बाजू घेतलीत तरी हरकत नाही, पण या एकमताचा उलगडा त्याच्या बाजूनं कसा करायचा, ते उत्तरात लिहा.