दिव्याचे लहानसे काम आणि इलेक्ट्रिशियनचे बिल: खर्चाचा अंदाज आधीच कसा बांधावा

एखादा दिवा बदलायचा, एखादा नवा लावायचा किंवा बटणाची जागा हलवायची, एवढ्या कामाला किती पैसे पडतील असे विचारले की बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: तिघांकडून दर मागवा आणि सर्वांत कमी असेल तो निवडा. मोठ्या कामात हा सल्ला चालून जातो. लहान कामात तो कुचकामी ठरतो, कारण तिघेही भिंतीच्या आत काय आहे ते न पाहता आकडा सांगतात आणि पुढे पैसे वाढतात ते नेमके तिथेच. दिवा कितीचा आहे यापेक्षा त्या जागी वायर आधीच पोहोचलेली आहे की नाही, यावर मजुरी ठरते.

बल्ब, ट्यूब किंवा होल्डरमध्ये बसणारा कोणताही दिवा आपणच बदलावा. त्यासाठी कोणाला बोलावू नये.

उरलेली कामे साठवून ठेवावीत. इलेक्ट्रिशियन घरी येतो तेव्हा त्याचा जाण्यायेण्याचा वेळ, शिडी आणि हत्यारे यांचा मोबदला ठरलेला असतो; मग तो दहा मिनिटे थांबो की तासभर. एका होल्डरसाठी त्याला बोलावणे म्हणजे जवळजवळ सगळे पैसे त्याच्या फेरीला देणे होय. आमच्याकडे कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला असतो आणि त्यावर चार कामे जमल्याशिवाय मी फोन करीत नाही. याला अपवाद एकच: बटण गरम लागणे, ठिणगी दिसणे किंवा जळका वास येणे. अशा वेळी त्या भागाचा एमसीबी (मुख्य बोर्डावरचा, त्या भागाची वीज तोडणारा खटका) पाडून त्याच दिवशी माणूस बोलवावा.

आता मुख्य टप्पा, म्हणजे काम खरोखर लहान आहे की नाही हे ओळखणे. यात मी स्वतः सपशेल फसलो आहे. जेवणाच्या टेबलावरचा दिवा मला फक्त दोन फूट सरकवायचा होता. फोनवर मी तेवढेच सांगितले, तासाचा दर ठरला आणि मी निश्चिंत झालो. प्रत्यक्षात स्लॅबमधला पाइप उलट्या दिशेला गेलेला निघाला. इलेक्ट्रिशियनने वायर ओढायची स्प्रिंग आत सारली, ती एका वळणावर अडकली, त्याने ती बाहेर काढली, साबण लावून पुन्हा सारली, आणि असे करता करता दुपार सरली. शेवटी छतावरून वायर झाकणारी उघडी पट्टी मारून काम पूर्ण करावे लागले. ती डोळ्यांना खुपू लागली म्हणून पुढच्या महिन्यात झिरी, म्हणजे वायर आत बसवायची खाच, मारून घेतली, प्लास्टर करून घेतले आणि अख्खे छत रंगवावे लागले, कारण जुन्या रंगावर नव्या रंगाचा पट्टा लपत नाही. रंगाऱ्याचे बिल इलेक्ट्रिशियनच्या बिलापेक्षा जास्त झाले. यात त्या माणसाचा दोष नव्हता. दोन फूट हे माप मी जमिनीवर उभे राहून घेतले होते.

म्हणून फोन करण्याआधी पुढील गोष्ट करावीच. संबंधित एमसीबी बंद करावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. तो दिवा आणि त्याच बोर्डावरची इतर उपकरणे बंद झाली आहेत याची खात्री करून घ्यावी, मग बोर्डाची प्लेट दोन स्क्रू सोडवून पुढे ओढावी आणि आतला फोटो काढावा. वायरींना हात लावू नये, कारण एकाच बोर्डात दोन वेगळ्या एमसीबींच्या वायरी आलेल्या असू शकतात.

फोटोत तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, वायरी किती आहेत. एका बटणाला दोन वायरी जोडलेल्या आहेत आणि मागे दुसरे काहीच नाही, असे दिसल्यास त्या बोर्डात बहुधा न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, आलेली नाही. मग तिथून नवा दिवा घेणे किंवा न्यूट्रल लागणारा स्मार्ट स्विच बसवणे हे नवी वायर ओढण्याचे काम होते. दुसरी, वायरी पाइपातून बाहेर येतात की थेट प्लास्टरमधून. पाइप नसेल तर नवी वायर सरकवण्याचा प्रश्नच उरत नाही. झिरी तरी मारावी लागते किंवा पट्टी तरी. तिसरी गोष्ट छताची: फॉल्स सिलिंग असेल तर वायर वरून नेणे सोपे जाते, उघडा स्लॅब असेल तर जड झुंबरासाठी हूक आहे का ते पाहावे, कारण झुंबराचे वजन वायरीवर कधीही टांगायचे नसते. वायरींच्या रंगावर मात्र विसंबू नये. आधीच्या कारागिराने हाताला लागेल तो तुकडा वापरलेला असतो आणि सहसा न्यूट्रलसाठी वापरली जाणारी काळी वायर फेज, म्हणजे वीज आणणारी, निघाल्याचे मी दोनदा पाहिले आहे.

जिन्याचा दिवा वर आणि खाली अशा दोन्ही बटणांनी लागावा असे वाटत असेल, तर ते एका दिव्याचे काम समजू नये. त्याला दोन टू-वे स्विच लागतात आणि त्या दोहोंच्या मध्ये दोन जादा वायरी न्याव्या लागतात.

हे फोटो पाठवून दर विचारावा, आणि आकडे दोन मागावेत: पाइपातून वायर सरकली तर किती, आणि झिरी मारावी लागली तर किती. दुसरा आकडा सांगायला जो टाळाटाळ करतो, त्याला काम देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. 'पॉइंटमागे इतके', म्हणजे दिव्याच्या किंवा प्लगच्या प्रत्येक जागेमागे इतके, असे उत्तर आले तर पॉइंटमध्ये काय काय धरले आहे ते लिहून घ्यावे: फक्त मजुरी की वायर, पाइप, बॉक्स आणि बटणही? टू-वेचे किती पॉइंट? झिरी बुजवणार कोण? वायर तांब्याची आणि किती चौरस मिलिमीटरची, हेही त्यातच यावे. घरगुती दिव्यांसाठी सहसा १.५ ची वापरतात.

दिवा लुकलुकण्यासारख्या बिघाडाला ठरावीक दर मागू नये, कारण तिथे वेळ जातो तो शोधण्यात. पहिल्या तासात कारण सापडले नाही तर पुढे जाण्याआधी विचारावे, एवढे ठरवून घ्यावे. डिमर (उजेड कमीजास्त करणारे बटण) असेल तर आधी स्वतः एक चाचणी करावी: जुने डिमर तारेच्या बल्बांचा भार गृहीत धरून बनवलेले असतात, आणि ६० वॉटच्या जागी ९ वॉटचा एलईडी आला की तो भारच उरत नाही. त्या डिमरवरच्या दिव्यांपैकी एका जागी तारेचा बल्ब लावून लुकलुकणे थांबले, तर डिमर बदलणे एवढेच काम उरते.

कामाच्या दिवशी सामान बाजूला सरकवून जागा मोकळी ठेवावी.

पैसे देण्याआधी प्रत्येक दिवा चालूबंद करून पाहावा. बटण बंद असतानाही एलईडी मंद उजळत असेल, तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर लागला आहे का ते तपासायला सांगावे, कारण तसे असेल तर बटण बंद करूनही होल्डरमध्ये वीज राहते. धातूच्या दिव्याला अर्थिंगची वायर जोडली आहे का तेही विचारावे. त्याची शिडी उभी असेपर्यंत ही दुरुस्ती दोन मिनिटांची असते. तो गेल्यावर तिच्यासाठी पुन्हा एका फेरीचे पैसे मोजावे लागतात.